नावं विचारू नका, वेळा विचारा

माझा आतेभाऊ यंदा सांगलीहून पाचव्यांदा गोव्यात आला. आधीच्या चारही खेपांना तो कळंगुट-बागाच्या पट्ट्यात उतरला, शेवटच्या दिवशी डिचोलीला आमच्याकडे तासभर टेकला आणि निघताना दर वेळी तेच बोलला, "गोव्यात खायचे फार हाल होतात गं. महाग तर महाग, आणि तुझ्या वहिनीला काही मिळतच नाही." वहिनी मासे खात नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी तीन दिवस पनीर आणि तळलेल्या बटाट्यांवर काढले. मला ते ऐकून फार लागायचं. दारात आलेला माणूस न जेवता परत जावा, तसं वाटायचं.

म्हणून यंदा एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मी म्हटलं, दादा, एक दिवस मला दे. समुद्राकडे पाठ करायची, गाडी मी चालवणार, आणि मी सांगेन तेव्हाच खायचं.

त्या दिवसाचे फोटो टाकल्यापासून "हॉटेलांची नावं द्या" म्हणून मेसेज येताहेत. नावं मी देणार नाही. रागावू नका, कारण सांगते. आमच्याकडचं खाणं जागेवर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून आहे. वाटलेला ओला नारळ उन्हाळ्यात दुपारपर्यंत धीर धरत नाही, म्हणून सकाळची भाजी सकाळीच संपवावी लागते. काजूच्या बोंडांचा ताजा रस, नीरो, संध्याकाळी आंबायला लागतो. पाव दोनदाच भाजला जातो. चुकीच्या वेळी गेलात तर उत्तम ठिकाणीसुद्धा तुम्हाला गरम केलेलं शिळंच मिळेल, आणि मग तुम्ही म्हणाल गोव्यात खायला काही नाही.

तर सकाळी सव्वासहा. पोदेराचा भोंपू वाजला आणि भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, मी खाली पिटाळलं. पोदेर म्हणजे सायकलवर मोठी टोपली बांधून दारोदार पाव विकणारा. भाच्याला वाटलं होतं पाव म्हणजे पाव. तो चार प्रकार घेऊन वर आला. वरून कडक, मधे चीर असलेला उंडो, फुलपाखरासारखा कात्रो, बांगडीसारखं कुरकुरीत काकण आणि कोंड्यात घोळलेली, आत पोकळ असलेली पोयी. पूर्वी हे पीठ माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट असतं. फरक जाणवतो, पण भल्या पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसाला मी त्यावरून बोल लावणार नाही. दोन काकणं चहात बुडवून खाल्ली आणि निघालो.

म्हापशाला आठच्या आत पोचलो. शुक्रवारचा बाजार आणि तोही एप्रिल-मे मधला, म्हणजे पुरुमेंताचे दिवस. पावसाळ्याची बेगमी करायची ही वेळ, आणि हा शब्द पोर्तुगीजातून आलेला आहे. १ जूनपासून दोन महिने ट्रॉलर बंद असतात. पूर्वी तर पाऊस लागला की गावंच्या गावं तुटायची, म्हणून जे काही लागेल ते आधीच घरात भरून ठेवायचं. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), किसमुरीसाठी, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसाठी, बारीक गालमो (जवळा), चिंचेचे गोळे, आमसुलं, ज्यांना आम्ही सोलं म्हणतो, फणसाची आणि आंब्याची साठं, माडाच्या सुरेचं व्हिनेगर, सुतळीत ओवलेल्या चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा. पेडण्यातल्या आगरवाड्याचं करड्या रंगाचं जाडं मीठ. ते मीठ पाहून वहिनी विचारायला लागल्या, हे मळकट का? त्यांना मी सांगितलं, ते मिठागराच्या मातीचा रंग घेऊन येतं, आणि चेपणीच्या कैऱ्या, म्हणजे वजनाखाली दाबून मुरवलेली तोरं, आम्ही याच मिठात घालतो.

मिरचीपाशी मात्र आमचं वाजलं. हरमलच्या मिरचीचा भाव ऐकून दादा म्हणाला, "याच्या निम्म्यात आमच्याकडे ब्याडगी येते," आणि त्याने भाव पाडायला सुरुवात केली. समोरची बाई काही बोलली नाही. तिने नुसती टोपली थोडी मागे ओढली. मी दादाला बाजूला घेतलं. ती मिरची तिने स्वतः लावलेली, अंगणात वाळवलेली, पहिली बस पकडून आणलेली. मागे दलाल नाही, गोदाम नाही. उरलेली टोपली संध्याकाळी तिलाच उचलून न्यायची असते. हरमलच्या मिरचीला आणि मयड्याच्या केळ्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला अभिमान वाटला, पेपरांत बातम्या आल्या. पण अभिमानाने टोपली रिकामी होत नाही. किनाऱ्यावर पेयाच्या एका ग्लासाला जे पैसे तुम्ही न बोलता देता, त्यात हिची अर्धी टोपली येते. याबाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही. गावठी माल विकणाऱ्या बाईशी घासाघीस करू नये. नको असेल तर घेऊ नये. दादाने घेतली, पाव किलो, सांगितलेल्या भावाने.

साडेआठला पातळभाजी. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे सुक्या वाटाण्याची, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली पातळभाजी असते, बटाट्याची सुकी भाजी असते, आणि दोन्ही एका बशीत हवी असेल तर 'मिक्स' म्हणायचं. कधी अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोणाक असतं. सोबत उंडो, मिरचीची भजी, शेवटी गोडसर बन आणि चहा. वहिनींनी दोन बश्या खाल्ल्या. खाताना त्या बोलल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "हे रोज असतं?" रोज असतं वहिनी, गोव्याच्या प्रत्येक बाजारपेठेत असतं, आणि अगदी शाकाहारी असतं. गेली चार वर्षं तुमची झोप उघडेपर्यंत ते संपत होतं, इतकंच.

म्हापशाहून परत अस्नोडा, डिचोली, साखळी करत वाळपईकडे. साखळीच्या पुढे रस्ता चढायला लागला की गाडीच्या काचा खाली करा. एप्रिलमध्ये सत्तरीत पिकलेल्या बोंडांचा वास रस्त्यावर येतो, गोड, उग्र, थोडा आंबूस. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, सोळाव्या शतकात. आज सत्तरीच्या डोंगरांकडे बघून तो बाहेरचा आहे असं कुणी म्हणणार नाही.

वाळपईच्या पुढे आमच्या ओळखीचं एक घर आहे, त्यांची भट्टी आहे. दरवर्षी अबकारी खात्याची पावणी होते, म्हणजे काजूच्या पट्ट्यांचा लिलाव, आणि मग मार्चपासून मेपर्यंत घरातल्या कुणालाही बसायला वेळ नसतो. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलीच वेचतात. बी पिळून काढायची, बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या दगडी कुंडात, तुडवायची. आता बरेच जण यंत्र लावतात, या घरी अजून पायाने तुडवतात. चोथ्याचा ढीग रचून नुडीच्या वेलाने आवळायचा, वर दगड ठेवायचा. मग त्या वजनाखाली जे थेंब थेंब आपोआप गळतं, तो नीरो. पाणी नाही, साखर नाही. आम्ही साडेअकराला पोचलो, तेव्हा मडक्यात सकाळपासूनचा साठला होता. घरच्या काकींनी चिमूटभर मीठ टाकून दिला. पहिल्या घोटाला घसा किंचित धरतो, मग जो गोडवा येतो तो कुठल्याही सरबतात नाही. वहिनींना बाटलीत भरून न्यायचा होता. काकी म्हणाल्या, "न्या, पण चारच्या आत पिऊन टाका. मागाहून तो तुमचा नाही राहायचा."

हाच रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं. दादाने हुर्राक चाखली, मी नाही, कारण गाडी माझ्या हातात होती. याबाबतीत मी कडक आहे आणि वाचणाऱ्यांनीही राहावं. सत्तरीच्या रस्त्यांना वळणं फार, आणि गुरं मधेच बसलेली असतात.

उसगावमार्गे फोंड्याला दीड वाजता. जेवणाची वेळ दीड ते अडीच, उशीर केलात तर हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची कढी, तळाला गेलेलं असतं. दादासाठी बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, गालम्याची किसमूर, उकड्या तांदळाचं शीत. हुमणात तिरफळ होतं. त्या वासाने दादा थांबलाच. त्याला आधी वाटलं लिंबाची साल आहे, मग म्हणाला मिरी आहे, मग नुसता वास घेत बसला.

किनाऱ्यावरून फोंड्यात आलं की आंबटपणा बदलतो, हे त्याला मी तिथेच सांगितलं. तिसवाडी पोर्तुगीजांकडे १५१० पासून, बार्देश आणि सासष्टी १५४३ पासून. फोंडा, डिचोली, सत्तरी हे तालुके त्यांच्या हाती लागले ते थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा असे देव लोकांनी डोक्यावर घेऊन नदीपलीकडे फोंड्यात आणले. माणसं आली तशा चुलीही आल्या. तिकडच्या ख्रिस्ती घरांत व्हिनेगर रुळलं, इकडे सोलं, कैरी, बिंबलं आणि तिरफळ राहिलं. दोन्ही माझंच आहे, दोन्ही मला हवं. पण किनाऱ्यावरच्या मेनूकार्डात ही दुसरी बाजू क्वचितच सापडते, आणि पाहुणे ती न बघताच गोवा पाहिला म्हणतात.

वहिनींसाठी मी आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची नारळातली भाजी, कच्च्या फणसाची भाजी, नीरफणसाची तळलेली कापं, सोलकढी आणि घोटांचं सासव. घोटं म्हणजे लहान रायवळ आंबे, अख्खेच्या अख्खे मोहरी-नारळाच्या वाटणात, गूळ घालून. आंबट, गोड, तिखट आणि मोहरीचा झणका, सगळं एका घासात. बाठ चोखताना हात कोपरापर्यंत भरतो. वहिनींनी पदर खोचला आणि चोखला. सोमवारी आणि श्रावणात आमची अर्धी घरं असंच जेवतात. गोव्यात शाकाहाऱ्याला काही मिळत नाही हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही.

चारला माझ्या माहेरी, फोंड्यातल्या केरीच्या बाजूला. मसाल्याच्या बागा म्हणून बसा भरून पर्यटक नेतात, तसली ही जागा नाही, घरामागचं कुळागर आहे. वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, खाली केळी, अननस, मधून झरीच्या पाण्याचे पाट. बाहेर अंग भाजत होतं, आत भाचा म्हणाला, "आत्या, इथे एसी लावलाय का?" आईने धोणस केला होता, रसाळ फणसाचा, तांदळाच्या रव्याचा. टोपावर झाकणी, झाकणीवर निखारे. कडेचा खरपूस तुकडा कुणाला द्यायचा यावरून आमच्याकडे लहानपणी मारामाऱ्या व्हायच्या, तो तिने वहिनींच्या बशीत वाढला.

आई बोलता बोलता म्हणाली, यंदा पाडेली दोनदाच आला. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. एकाची मुलं त्या धंद्यात नाहीत, दुसऱ्याचे गुडघे गेले. नारळ वरच सुकतो, खाली आला तर माकडं आधी नेतात. मग बाजारात नारळ महागतो आणि थाळीतलं हुमण पातळ होतं. पुढच्या वेळी कढी पातळ लागली तर हॉटेलवाल्यावर रेटिंग टाकण्याआधी हा माणूस आठवा. शेजारची दोन कुळागरं गेल्या पाच वर्षांत पडीक झाली आहेत, पाट बुजलेत. आमचं आई आहे तोवर आहे. पुढचं मला आणि भावाला ठरवावं लागेल, आणि ते बोलणं आम्ही दर भेटीत टाळतो.

माशेलवरून डिचोलीला परतलो तेव्हा अंधार पडला होता. सातनंतर गाडे लागतात. अंड्याच्या पोळीवर कोंबडीच्या शागोतीचा कढत रस, वर कांदा आणि लिंबू, सोबत संध्याकाळचा पाव. त्याला म्हणतात रोस ऑम्लेट. दादा आणि भाचा उभ्याने खात होते, वहिनी गाडीत बसून मयड्याची केळी सोलत होत्या. दिवसभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास फिरलो. समुद्र एकदाही दिसला नाही, आणि कुणी त्याची आठवण काढली नाही.

परवा रात्री साडेआठला सांगलीहून दादाचा मेसेज आला. बाजारात बांगडा बरा मिळालाय, म्हापशाची मिरची वाटली, तुझ्या आईने दिलेली तिरफळं किती घालू? मी कळवलं, सात-आठ पुरेत. आतली काळी बी काढून टाक, साल किंचित ठेच, वाटणात वाटू नकोस, उकळी आली की वरून घाल. आणि वहिनींना मुगागाठी आजच कर म्हणावं, मूग काल भिजत घातल्याचं त्यांनी मला सांगितलंय.