अंतर सोलापूरच्या घरापासून मोजा

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब, असं विचारलं की मोबाईल लगेच सांगतो: साधारण 12,500 किलोमीटर, 16 तास. परदेशातली आपली मुलं हाच आकडा बघून आई-वडिलांची तिकिटं काढतात. सोलापूरच्या घराघरात हे चाललंय, म्हणून लिहितोय.

मुळात ते 12,500 म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर. गोलावर दोरा ताणून बघा; तो अरबस्तानावरून सरळ न जाता वर रशिया, ग्रीनलंडच्या बाजूला चढतो. विमानाला ती वाट मिळतेच असं नाही. 2022 मध्ये रशियानं अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना. वळसा आला की वेळ वाढलाच. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास दीड-दोन तासांनी लवकर होतो.

तिकिटावरच्या वेळा तर वडीलधाऱ्यांना चकवतातच. उन्हाळ्यात रात्री दीडला मुंबई सोडली की तिकडे सकाळी आठला उतरलो असं दिसतं. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, तो तिकिटावर कुठे लिहिलेला असतो?

आणि हे सगळं फक्त विमानातलं. सोलापूरहून मुंबई 400 किलोमीटरच्या वर, म्हणजे रेल्वेनं किंवा गाडीनं सात-आठ तास. तीन-चार तास आधी विमानतळावर. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. घरापासून घरापर्यंत 30 तास सहज होतात, आणि सत्तरीच्या माणसाचे गुडघे हे तीसच्या तीस तास मोजतात. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता मुंबईचं विमान आहे, पण वेगळं तिकीट काढलं तर 23-23 किलोच्या दोन बॅगा त्या छोट्या विमानात तशाच नेता येतील, असं धरून चालू नका.

माझं स्पष्ट मत आहे, हैदराबादचा विचार आधी करा. तिथला शमशाबाद विमानतळ आपल्यापासून साधारण 300 किलोमीटर, मुंबईपेक्षा बरंच जवळ. तिथून दुबई, दोहा, अबुधाबीला विमानं आहेत, पुढे अमेरिकेपर्यंत एकच तिकीट मिळतं. अबुधाबीतून थेट अमेरिकेला जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, ही ज्येष्ठांसाठी फार मोठी सोय आहे.

दीड तासाचं कनेक्शन मात्र आई-वडिलांच्या माथी मारू नका. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर सहसा पहिल्याच विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. इंग्रजी सफाईनं न बोलणाऱ्या, शेंगाचटणीची पिशवी सांभाळत चालणाऱ्या आईला तिथे पळायला लावणं मला क्रूर वाटतं. एकूण वेळ तीन तासांनी वाढला तरी चालेल. कनेक्शन निदान चार तासांचं घ्या आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा, काउंटरवर गेल्यावर नको.