फायली माझ्या, कुलूप त्यांचं

आज सकाळी मला माझ्याच फायली उघडता आल्या नाहीत. लॅपटॉप नीट चालू, फायली जागच्या जागी. झालं एवढंच की बँकेने जुनं कार्ड बदलून नवं दिलं आणि पुस्तकांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर मी वापरते त्याच्या खात्यात नवा नंबर घालायचा राहिला. वर्गणी कापली गेली नाही. कामाला बसले तर पडद्यावर चौकट: सदस्यत्व संपलं आहे, नूतनीकरण करा. त्या चौकटीच्या मागे आठ वर्षांत मी मांडलेली सगळी पुस्तकं. त्यातलं एक आज दुपारी छापायला जायचं होतं.

आठवण करून देणाऱ्या ईमेल आल्या होत्या, मान्य. मी पाहिल्या नाहीत.

पण मदतकेंद्राच्या चॅटवर पाऊण तास मला काय ऐकावं लागलं? "काळजी करू नका, तुमच्या फायली सुरक्षित आहेत." चार वेळा. अहो, सुरक्षित आहेत म्हणजे काय? मी केलेलं काम मला दिसत नाही, त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही, दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ते धड उघडत नाही. मग ते कुणासाठी सुरक्षित आहे?

पैसे भरले. भरावेच लागले. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि पुस्तक वेळेत गेलं. तरी संध्याकाळ झाली आणि माझं डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले आहे.

ज्यांना माझ्या बाबांच्या फायलींची गोष्ट माहीत आहे, त्यांना कळेल मी एवढी का पेटले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

बाबांनी निवृत्तीनंतर संगणक घेतला. त्याच्यासोबतच एक लिहिण्याचं सॉफ्टवेअर आलं होतं. आजी तेव्हा थकत चालली होती. रोज संध्याकाळी बाबा तिच्याशेजारी बसायचे, तिला बोलतं करायचे आणि रात्री ते सगळं टाइप करायचे. देवनागरी टाइप करायची सोय त्यांना जमेना, म्हणून रोमन अक्षरांत मराठी. त्यांची स्वतःची पद्धत होती, "ळ" साठी मोठा एल, "आ" साठी दोनदा ए. एकूण ३७ फायली. आजी २००१ मध्ये गेली, बाबा २००९ मध्ये. फ्लॉपीवरच्या फायली त्यांनी स्वतः सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या. त्यांना वाटलं होतं की आता हे टिकेल.

फायली टिकल्या. उघडणारं काही टिकलं नाही. कंपनीने ते सॉफ्टवेअर कधीच बंद केलं होतं आणि तिच्याच नव्या सॉफ्टवेअरला जुना फॉरमॅट ओळखता येत नव्हता. मी कंपनीला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: हे उत्पादन आता समर्थित नाही. मी त्यांच्याकडे समर्थन मागितलंच नव्हतं! त्या फायलीत अक्षरं कशी साठवली आहेत एवढंच विचारलं होतं. तेही सांगणार नाहीत, कारण ते गुपित. ज्या वस्तूची विक्री थांबून कित्येक वर्षं झाली तिचं गुपित.

दहा वर्षं ती सीडी कपाटात पडून होती. दहा वर्षं.

मग एका मैत्रिणीने सहज सुचवलं, लिबरऑफिस नावाचं लिहिण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात उघडून बघ. मी उघडली. आणि पडद्यावर बाबांची पहिली ओळ आली, त्यांच्या त्या रोमन अक्षरांत: "आज आईला विचारलं, तुला आठवतं असं सगळ्यात पहिलं काय?"

त्या रात्री मी किती रडले ते लिहीत नाही.

हे घडलं कसं, ते नंतर शोधलं. जगात काही लोक आहेत जे मेलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली घेऊन बसतात आणि एकेक बाइट तपासत त्यांचा फॉरमॅट उलगडतात. इथे ठळक अक्षर सुरू झालं, इथे परिच्छेद संपला, हा आकडा म्हणजे समास. लिबरऑफिसच्या आसपासच्याच मंडळींनी २०१४ मध्ये या कामाला डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट असं नाव दिलं. दस्तऐवजांची सुटका. बाबांची ओळख नाही, माझी ओळख नाही, कोणी सांगितलेलं नाही. तरी कोणीतरी रात्री बसून तो फॉरमॅट सोडवला आणि त्यासाठीचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला ठेवला.

असा कोड खुला असलेल्या सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. म्हणून मला कुणी म्हटलं की ओपन सोर्स म्हणजे फुकटचं, हौशी लोकांचं, तर माझं पित्त खवळतं. परवाच एका जुन्या मित्राने म्हटलं, "फुकट मिळतं त्याची लायकी तेवढीच." अरे, जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्यातला एकूण एक लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. तू हे वाक्य ज्या अँड्रॉइड फोनवर टाइप केलंस त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. २०२१ मध्ये मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडालं त्यातही लिनक्स होतं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर लिनक्सला कर्करोग म्हणाले होते आणि २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनमध्ये सदस्य म्हणून दाखल झाली. लायकी कुणाची काढतोस?

आणि हो, लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे त्याच्या गाभ्याचं, बरंचसं काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी लोकच करतात. माहीत आहे मला. करू देत. त्यांनी लिहिलेलं उद्या त्यांना परत ओढून घेता येत नाही, यातच सगळं आलं.

मुळात हे सगळं सुरू झालं तेच अशा एका अडवणुकीतून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर काम करायचे, तिथे एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः बदल करून ठेवला होता, कागद अडकला की लोकांना संदेश जायचा. नव्यात तेच करायचं म्हटलं तर सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने दाखवायला नकार दिला, कारण त्याने गुप्ततेचा करार केला होता. एक साधा प्रिंटर! सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमननी सगळ्यांना खुली अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जीपीएल हे लायसन्स आलं. चालवा, वाचा, बदला, वाटा, आणि बदललेलं पुढे दिलंत तर त्यालाही हेच हक्क द्या. कंपनीच्या त्या दोन ओळींच्या उत्तरासमोर मी हताश बसले होते तेव्हा हे काही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं माझीच चूक, मीच वेळेत फायली बदलून घ्यायला हव्या होत्या. आपल्याला असं वाटायला लावतात, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

ब्लेंडरचं उदाहरण तर मी कितीही वेळा सांगू शकते. त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये त्याची कंपनी बुडाली, गुंतवणूकदारांनी दार लावून घेतलं. बाबांच्या सॉफ्टवेअरचं झालं तेच याचं होणार होतं. पण ते बनवणारे टॉन रोजेंडाल गुंतवणूकदारांकडे गेले आणि विचारलं, किती दिले तर कोड मोकळा कराल? एक लाख युरो. वापरणाऱ्या लोकांनी सात आठवड्यांत तेवढे पैसे उभे केले! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर जीपीएलखाली खुलं झालं. आणि २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते लाटव्हियाच्या दिग्दर्शकाने ब्लेंडरमध्ये केलेल्या चित्रपटाला. कंपनी मेली तरी सॉफ्टवेअर जगलं, आणि ज्यांनी २००२ मध्ये काम केलं त्यांच्या फायली आजही उघडतात. बाबांच्या वेळी कुणी विचारलंच नाही. विचारायची सोयच नव्हती.

उलट बाजूला बघा. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. हक्कांची काहीतरी भानगड होती, पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण हात पोहोचला ना आत? २०१३ मध्ये ॲडोबीने ठरवलं की पुढच्या आवृत्त्या एकदाच पैसे भरून विकत मिळणार नाहीत, फक्त वर्गणीवर मिळतील. तिथून पुढे एकेक करून किती जणांनी तोच रस्ता धरला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित समर्थन संपलं. धडधाकट चालणारे कित्येक संगणक नवी विंडोज घेऊच शकत नाहीत, कारण तिला हवी ती सुरक्षेची चिप किंवा नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही. विकत घेतलं, वापरलं, जपलं, आणि एक तारीख आली की संपलं.

बरं, आता माझ्याच बाजूचे लोक मला सांगतील म्हणून आधीच लिहिते. स्क्रायबस हे पुस्तकांच्या मांडणीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकायला मी दोनदा बसले आणि दोनदा सोडलं. ज्या सॉफ्टवेअरला मी सकाळपासून शिव्या देते आहे ते हाताला फार चांगलं आहे, आणि ते चांगलं ठेवणाऱ्या माणसांना पगार मिळायलाच हवा.

सुरक्षेचंही बोलून घेते. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली मोठी चूक निघाली तेव्हा कळलं की इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवायला अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होतं त्याला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. कोड सगळ्यांना खुला होता आणि दोन वर्षं कुणी तो नीट वाचला नाही. हे आहे. मी नाकारत नाही.

पण २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवतं का? डेटा लहान करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, एक थकलेला माणूस ती एकट्याने सांभाळत होता. दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षं गोड बोलून त्याचा विश्वास मिळवला, सहकारी झाला आणि आत चोरदरवाजा बसवला. तो जगभरच्या सर्व्हरांवर पसरायच्या बेतात होता. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. का? तर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला दिसलं आणि त्याला ते सोडून देववेना. तो आत खोल शिरू शकला, कारण सगळं उकलून बघता येत होतं. (हो, तो मायक्रोसॉफ्टचा नोकर आहे. असू दे.)

त्या प्रकरणात मला त्या चोरापेक्षा तो थकलेला माणूस जास्त आठवतो. इतकी वर्षं बिनपगारी काम, आणि वर लोकांच्या ईमेल: अजून झालं नाही का, तू फार हळू आहेस. हे लिहिताना सकाळचा राग कुठेतरी कमी झाला आहे आणि दुसरंच काहीतरी टोचतंय. लिबरऑफिसने मला बाबा परत दिले, आणि त्यानंतर इतकी वर्षं मी त्या लोकांना काय दिलं? काहीच नाही. कुलूप लावणाऱ्यांना दर वर्षी न चुकता पैसे गेले. कुलूप उघडणाऱ्यांना साधं धन्यवादाचं पत्रही नाही. आज दुपारी देणगी पाठवली, आणि दर महिन्याला जाईल अशी सोय केली. तुम्ही व्हिडिओ बघायला व्हीएलसी वापरता, लिबरऑफिस वापरता, फायरफॉक्स वापरता. तुम्हीही पाठवा. मी हे हक्काने सांगते आहे.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं.

बाबांच्या ३७ फायलींपैकी ३१ उघडल्या. सहा नाही उघडत. त्या बहुधा त्याच सॉफ्टवेअरच्या आणखी जुन्या आवृत्तीतल्या आहेत. आज देणगी पाठवल्यावर धीर करून मी लिबरऑफिसच्या बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायच्या ठिकाणी लिहिलं. तीन तासांत एकाचं उत्तर आलं. देश कुठला, वय काय, काही माहीत नाही. त्याने लिहिलंय की या आवृत्तीचे नमुने फार कमी मिळतात, एखादी फाइल जोडलीत तर प्रयत्न करून बघतो, खात्री देत नाही.

पण तिथे जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते. आणि आत काय आहे ते मीच वाचलेलं नाही. आजीने बाबांना एकट्याला सांगितलेलं काही असेल. बाबांनी स्वतःबद्दल लिहिलेलं असेल. दोन तास मी त्या सहा नावांकडे बघत बसले.

शेवटी दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सगळ्यात छोटी कुठली आहे?" मी म्हटलं, "आई-७. दोन केबी." तो म्हणाला, "ती पाठव."

पाठवली आहे.