जागा शिल्लक नाही

६४ जीबीच्या मेमरी कार्डावरच्या लिनक्समध्ये एक साधं पॅकेज, म्हणजे एक प्रोग्रॅम, टाकायला गेलो, तर ते म्हणालं, जागा शिल्लक नाही. ‘डीएफ’ ही कमांड चालवून जागेचा हिशेब मागितला. एकूण ४ जीबी, त्यातली जवळजवळ सगळी भरलेली. बाकीच्या ६० जीबींचा उल्लेखसुद्धा नाही; कार्डावर छापलेला आकडा हा जणू माझाच गैरसमज.

तसा दोष कुणाचाच नव्हता. इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची सिस्टीमची तयार प्रत, बनवणाऱ्याने ४ जीबीची बनवली, कारण लोक ती कुठल्या कार्डावर उतरवणार हे त्याला काय ठाऊक? आणि ती उतरवणारी ‘डीडी’ कमांड इतकी आज्ञाधारक, की तिने बाइटला बाइट लावून तेवढंच उतरवलं. पुढे मैदान मोकळं आहे हे बघायचं तिच्या कामात बसत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची स्वतःची ओएस पहिल्या बूटलाच हातपाय पसरून घेते. माझी इमेज संकोची निघाली.

जाणकारांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच आणि तेही शांतपणे: ‘सोपं आहे रे. आधी पार्टिशन डिलीट कर.’

जागा वाढवायची म्हणून विचारायला गेलेल्या माणसाला हे सांगतात! पार्टिशन म्हणजे कार्डावर आखलेला कप्पा. त्यातून हा रूटचा, म्हणजे ज्याच्यावर चालू सिस्टीम उभी आहे तोच. पण त्यांचं खरं असतं. ‘एफडिस्क’ या कप्पे आखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिलीट केल्याने पुसली जाते ती फक्त पार्टिशन टेबलमधली नोंद, अनुक्रमणिकेचं पान फाडलं म्हणून पुस्तकातली प्रकरणं जात नाहीत. शिवाय ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘राइट’, दाबेपर्यंत कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. हे सगळं मला पटलं होतं. बोटाला पटत नव्हतं. ‘डी’ या अक्षरावर ते बराच वेळ नुसतं तरंगत राहिलं.

अट एकच: नवं पार्टिशन जुन्याच सेक्टरपासून, म्हणजे कार्डाच्या त्याच क्रमांकाच्या तुकड्यापासून, सुरू व्हायला हवं. माझं ५३२४८० पासून होतं. तो आकडा मी कागदावर लिहिला, मोठ्याने वाचला, पुन्हा पडताळला. आणि एफडिस्क मात्र मोठ्या अदबीने सुचवतं, पहिला सेक्टर २०४८? कारण सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींचं बूट पार्टिशन सुरू होतं ८१९२ ला आणि त्याच्या आधी थोडी फट मोकळी असते. विश्वासाने एंटर दाबत गेलात तर त्या फटीत ३ एमबीचं टुमदार पार्टिशन मिळतं. ६४ जीबीच्या कार्डावर! डीफॉल्टवर डोळे मिटून विसंबू नये ते इथे.

मग शेवटची गुगली. ‘या जागेवर एक्स्ट-४ ची खूण सापडली आहे, काढून टाकू का?’ अरे, ती खूण म्हणजेच माझी फाइल सिस्टीम, सगळ्या फाइलींची मांडणी! असे प्रश्न विचारताना प्रोग्रॅमच्या आवाजात किंचित तरी काळजी असावी. ‘एन’ दाबलं, मग ‘डब्ल्यू’. त्यावर कळलं की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अजून जुनंच टेबल धरून बसलंय, रीबूट करा.

रीबूट केलं. ‘डीएफ’ने पुन्हा ४ जीबी सांगितले.

पार्टिशन वाढलं होतं, फाइल सिस्टीम नाही; कुंपण सरकलं तरी आतल्यांना ते वेगळं कळवावं लागतं. कळवण्याचं काम ‘रीसाइज-टू-एफएस’ करतं, आणि इथे मात्र मी त्याला मानलं. सिस्टीम चालू, फाइल सिस्टीम माउंट केलेली, म्हणजे जोडून वापरात असलेली, आणि ती तशीच्या तशी वाढली. (एक्स्ट-४ चालू असताना वाढते. आकसायला सांगा, आधी अनमाउंट करा म्हणते.) यशाची बातमीही जीबीत नव्हती, ४-४ केबीचे दीड कोटीच्या आसपास ब्लॉक झाले, असं कळवण्यात आलं.

‘डीएफ’मध्ये ६४ अर्थात दिसले नाहीत. कार्ड बनवणारे हजाराने मोजतात आणि लिनक्स १०२४ ने, त्यामुळे ६४ चे साधारण ५९ झाले. त्यातून वापरलेले वजा केले तरी मोकळ्या जागेचा आकडा जुळेना. शोधलं तेव्हा कळलं, एक्स्ट-४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते; हा रूट म्हणजे पार्टिशन नव्हे, सगळे अधिकार असलेला मुख्य वापरकर्ता. या मशीनवर रूट कोण? मीच. म्हणजे जवळजवळ ३ जीबी माझ्याचसाठी अडवून ठेवलेत, आणि ते मला द्यायचे नाहीत असं ठरलंय.