भिंतीवर अंबाडीलाही जागा द्या

सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीतल्या लोकांनी मिळून भिंतीवर आपल्या अंगणातल्या बागा रंगवल्या, हे वाचून डोळे भरून आले. फोटोत तुळस, मोगरा, जास्वंद सगळं आहे. फक्त अंबाडी दिसली नाही. ती हवीच!

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू बोलणारे. आमच्याकडे अंबाडीला गोंगुरा म्हणतात. आजोबा मागावर बसायचे आणि दाराशी तेलाच्या रिकाम्या डब्यात आजीची अंबाडी असायची. डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली तीन भोकं, खाली विटेचे तुकडे, वर माती न् शेणखत. आजी झाड कधी उपटायची नाही, वरचे शेंडेच खुडायची. मग बाजूनं नवे फुटवे यायचे आणि आठवड्याभरात परत भाजीपुरती पानं मिळायची. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी थेट त्या डब्यांत. आमच्या कोरड्या गावात बाग अशीच जगते, आणि मला वाटतं चित्रात खरं तर हेच दिसायला हवं.

नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा, म्हणजे देवीसाठीची फुलांची रास, रचायला तरवडाची पिवळी फुलं लागतात. ती आम्ही माळावरून ओंजळी भरून आणायचो, आजी ताटात एकावर एक थर लावायची. त्या पिवळ्या रंगाशिवाय आमच्या भागाचं चित्र पुरं होत नाही.

कलाकारांना विनंती, खालच्या कोपऱ्यात जागा उरली असेल तर एक गंजका डबा काढा. लाल देठांच्या अंबाडीसकट. रंगाचा खर्च मी देते.