लिंक्डइन काढून देता काय भाऊ?

परीक्षेचे फॉर्म संपले की दुकानात थोडी उसंत मिळते. यंदा ती मिळाली नाही, कारण कॉलेजच्या पोट्ट्यांची नवीनच रांग लागली. "भाऊ, लिंक्डइन काढून देता काय?" म्हणजे नोकरी-कामाच्या ओळखी जोडायच्या त्या साईटवर खातं उघडून द्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल आणि त्याच दमात लिंक्डइन. कायच्यासाठी पाहिजे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. सरांनी स्क्रीनशॉट मागितला, शनिवारच्या आत ग्रुपवर टाकायचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, झेरॉक्स-लॅमिनेशनसकट. समाजशास्त्रात एम.ए. केलं. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा निघाली नाही, दुकान निघालं. त्यामुळे पोरं फोनवर काय करतात हे मला काउंटरच्या आतल्या बाजूनं दिसतं आणि त्यावर बोलायची खाजही जात नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

"आजकालची पोरं नुसती मोबाईलमध्ये" हे रडगाणं मी गाणार नाही. २०२४ च्या असर या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं, मागच्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला? ७६ टक्के म्हणाले सोशल मीडियासाठी, ५७ टक्के म्हणाले अभ्यासाच्या कामासाठी. लोक पहिला आकडा घेऊन बोंबलतात. मला दुसरा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त वाटला. आणि हे दोन वेगळे खाने आहेत असं तरी कोणी सांगितलं? माझ्याकडं येणाऱ्या पोरांचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर आणि टेलिग्रामवरच चालतो. वर्गाचा ग्रुप, अभ्यासिकेचा ग्रुप, ग्राउंडची तयारी करणाऱ्यांचा ग्रुप, गावचा ग्रुप, शिवाय "पाचची गाडी लागली का" एवढंच विचारायचा एक ग्रुप. भरतीची जाहिरात निघाली की मी शटर वर करायच्या आत पीडीएफ त्यांच्या फोनमध्ये पोचलेली असते. कोणत्या संवर्गाच्या किती जागा आणि वयाची अट काय, हे तेच मला सांगतात.

म्हणजे नेटवर्क आहे, आणि झकास चालतं. घोळ दुसरीकडंच आहे. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं बसतात. त्या सगळ्यांना एकच बातमी एकाच मिनिटाला कळते आणि सगळे एकाच जागेसाठी अर्ज करतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९००. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज. माझा गल्ला भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रुपमधल्या कोणालाच ग्रुपच्या बाहेरचं काही माहीत नसतं.

खासगी नोकरीतही तीच गत. गावातला एक पोट्टा पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत लागला की वर्षभरात मागून दहा जातात. भाऊबंद, मित्र, मावसभाऊ. सगळे एकाच कंत्राटदाराकडे, एकाच खोलीत, एकाच पगारावर. पहिल्याला जेवढं माहीत तेवढंच दहाव्याला. कंत्राट संपलं की दहाही जण एकाच दिवशी एसटीतून उतरतात. सोयाबीनच्या सोंगणीला घरी मदत होते, एवढाच काय तो फायदा.

इथं माझं एम.ए. कामी येतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्यानं विचारलं की ज्यानं खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? "नेहमी" म्हणणारे शेकडा १७ सुद्धा निघाले नाहीत. बाकी सगळ्यांना खबर मिळाली ती कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. नवीन काही येतं ते अर्धवट ओळखीच्या माणसाकडून. पुढं लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांच्या खात्यांवर पाच वर्षं प्रयोग झाले आणि २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. नोकरी बदलायला अर्धवट ओळखच जास्त उपयोगी पडते. अगदी अनोळखी नाही आणि घरातलाही नाही, मधला माणूस.

आता माझ्या काउंटरवर निघणारं लिंक्डइन बघा. खातं उघडलं, पासपोर्टचा फोटो लावला, वर्गातल्या चाळीस जणांना कनेक्शन पाठवलं, स्क्रीनशॉट घेतला. झालं. व्हॉट्सअॅपवर जे चाळीस आहेत तेच चाळीस इथं, फरक एवढाच की इथं ते एकमेकांना इंग्रजीत अभिनंदन करतात. स्वतःबद्दलचा मजकूर चॅटजीपीटीकडून आणलेला. सगळेच "हायली मोटिव्हेटेड", सगळेच "रिझल्ट ओरिएंटेड". एकाला वाचून दाखव म्हटलं तर तिसऱ्या शब्दाला अडला. सरांच्या फाईलला स्क्रीनशॉट लागतो हे मला कळतं, पण मुलाच्या काय कामाचं?

बी.कॉम.च्या एका मुलीचं प्रोफाईल भरत होतो. अनुभवाच्या रकान्यात तिनं "नाही" लिहायला सांगितलं. बोलता बोलता कळलं की आईच्या बचत गटाचं सगळं दप्तर हीच लिहिते. बैठकीचं इतिवृत्त, कर्जाची परतफेड, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या ताई ऑडिटला आल्या की माय हिलाच पुढं करते. म्हटलं हे लिही. तर म्हणे, "हे काय लिहायचं भाऊ, हे तर घरचं काम आहे." दहा-बारा बायांच्या पैशाचा हिशेब पै-पैनं जुळवणारी पोरगी, आणि अनुभव नाही! मी ते लिहायला लावलं, साध्या इंग्रजीत, चार ओळी. बियाणे कंपनीच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं, म्हणजे हातानं परागीकरणाचं काम केलेली पोरं, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसलेली पोरं, वडिलांचं ठिबक स्वतः जोडणारी पोरं, सगळ्यांचा रकाना असाच कोरा असतो.

त्याच मुलीच्या खात्याचा ओटीपी भावाच्या फोनवर जात होता. भाऊ वावरात, पाठीवर फवारणीचा पंप. "दादा, ओटीपी सांग ना", "थांब, हात औषधाचे आहे", "दादा, वेळ संपून राहिली", असं तीनदा झालं. तोवर मागं सहा जण उभे. असरच्याच आकड्यांत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आहेत आणि मुली २६.९. मुलीचा फोटो नेटवर नको, असं घरचे सांगतात. त्यावर मी वाद घालत नाही. फोटोशिवायही खातं चालतं. फोटोसाठी हट्ट धरणाऱ्या सरांना सांगतो, नोकरीच्या साईटवरसुद्धा मुलींना "हाय डिअर" येतं, ते ब्लॉक कसं करायचं हे आधी शिकवा, मग फोटो मागा.

पण माझ्या मते खरं अडतं ते अनोळखी माणसाला दोन ओळी लिहिण्यात. लिंक्डइनवर विद्यापीठाचं पान उघडलं की माजी विद्यार्थ्यांची यादी निघते. कोण कोणत्या शहरात आहे, काय काम करतो, सगळं गाळून बघता येतं. अमरावती विद्यापीठाचं पान मी पोरांना उघडून दाखवतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात. आपल्यासारखेच एसटीनं कॉलेजला जाणारे कुठं कुठं पोचले ते दिसतं. मग म्हणतो, चल, यातल्या एकाला लिही. इथं गाडी थांबते.

"ओळख ना पाळख, कसं विचारू भाऊ? त्यांनी रिप्लाय नाही देला तं?"

याला कोणी बुजरेपणा म्हणेल, मी म्हणत नाही. आमच्याकडचं पोरगं लहानपणापासून काय बघतं? तहसीलला जायचं तर आधी कोणाचा तरी फोन, दवाखान्यात खाट पाहिजे तर कोणाची तरी चिठ्ठी. ओळखीशिवाय साहेब मान वर करत नाही हे त्यानं बापाच्या मागं उभं राहून पाहिलेलं असतं. त्याचा हिशेब चुकीचा नाही, तो फक्त इथं लागू नाही. आणि अगदीच धीर केला तर लिहितो काय? "हाय सर, जॉब असेल तर सांगा." यावर कोण काय उत्तर देणार!

फुकटच्या खात्यात कनेक्शनसोबतची चिठ्ठी दोनशे अक्षरांत बसवावी लागते, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. म्हणून आम्ही दुकानात बसून आधी वहीवर लिहितो. बीएस्सीच्या एका पोराची अशी झाली होती : "नमस्कार सर. मी दिग्रसकडचा, बीएस्सी केमिस्ट्री, तृतीय वर्ष. तुम्हीही अमरावती विद्यापीठाचे. क्वालिटीत फ्रेशरला घेताना काय काय यायला लागतं, एवढंच विचारायचं आहे." मराठीतच पाठवली. यात नोकरी मागितलेली नाही, हे महत्त्वाचं. नोकरी देणं समोरच्याच्या हातात नसतं, माहिती देणं असतं. त्यानं काही जणांना पाठवली, बऱ्याच जणांनी पाहिलीसुद्धा नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीकडच्या एकानं मात्र उत्तर दिलं. एचपीएलसी मशीन (मिश्रणातले घटक वेगळे करून तपासायचं) हाताळलंय का, नोंदी कशा ठेवायच्या ते येतं का, एक्सेल येतं का. पोरानं त्या मशीनचं नाव पहिल्यांदाच ऐकलं, कारण त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते नाही. पण तिसऱ्या वर्षाला असताना ऐकलं, पास होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर नाही. नोकरी अजून लागलेली नाही. एक्सेल शिकायला मात्र रोज येतो.

लिंक्डइनच पाहिजे असंही नाही, बरं का. बॅटरीचे फवारणी पंप दुरुस्त करणारा आमच्याकडचा एक जण इन्स्टाग्रामवर रील टाकतो. कोणता वॉशर जातो, मोटर कशी उघडायची, एवढंच. लांबलांबचे कास्तकार त्याला पंप पाठवतात. आयटीआयच्या पोराला हे जास्त मानवेल. जिथं आपलं काम अनोळखी माणसाला दिसतं ती जागा चांगली, नाव काही का असेना.

टेलिग्रामवरच्या "लाईक करा, रोज दोन हजार कमवा" वाल्यांबद्दल वेगळं लिहीन कधी. सध्या एवढंच, की नोकरी लावून द्यायला जो आधी पैसे मागतो तो चोर आहे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

आता कॉलेजवाल्यांना विनंती. स्क्रीनशॉट मागू नका. त्याऐवजी अनोळखी माणसाला लिहिलेली एक चिठ्ठी दाखवायला सांगा, उत्तर येवो न येवो. भाषेच्या तासाला अर्जलेखन शिकवताच, तिथंच हे बसतं.

आणि सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथून बाहेर पडलेल्यांशी. तुम्ही पुण्यात, नागपुरात, हैदराबादला आहात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या प्रोफाईलवर पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स ठळक आहे आणि तालुक्याचं कॉलेज गायब. का, ते मला कळतं. मुलाखतीला बसलेला माणूस "हे कुठं आलं?" म्हणून हसतो, ते तुम्ही सोसलंय. पण तुम्ही कॉलेज खोडलं की त्या यादीतून तुम्हीही गळता, आणि माझ्या काउंटरवरच्या पोराला वाटतं की आपल्या कॉलेजचं कोणी कुठं पोचलंच नाही. नाव परत टाका. महिन्यातून एखाद्याला दोन ओळींचं उत्तर द्या. "आमच्याकडं जागा नाही, पण अमुक शिक" एवढं लिहिलं तरी पोरगं ते चार जणांना वाचून दाखवतं, मी स्वतः पाहतो.

दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, नेर, मानोरा, कारंजा, या पट्ट्यातले जे कोणी कामाला लागलेले असतील त्यांनी खाली गाव, शहर आणि काम लिहा. हुद्दा मोठा नसला तरी चालेल, वेल्डर आणि लॅब असिस्टंट तर आधी लिहा. फोन नंबर टाकू नका. मी यादी करून काउंटरच्या काचेला आतून चिकटवणार आहे. ज्याचा फॉर्म भरायला वेळ लागेल तो उभ्या उभ्या वाचेल.