४१८ कुठे गेला?

लोकांना वाटतं, नोटरी म्हणजे शिक्का. ठप्प केलं की झालं. शिक्क्याला अर्धा सेकंद लागतो हो. बाकी जन्म जातो रजिस्टरात. अनुक्रमांक, तारीख, दस्ताचा प्रकार, पक्षकाराचं नाव-पत्ता, ओळख कशावरून पटवली, फी आणि त्याची सही. सहीचा रकाना बोटभर, सही वीतभर. तिचं शेपूट फीच्या आकड्याला गुंडाळून बसतं.

पान फाडायचं नाही, ओळ सोडायची नाही, व्हाइटनरला तर टेबलावर बंदीच. चुकलं तर एकच आडवी रेघ, तीही खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लघुसही. बाकीचे लोक चुका लपवतात, मी सही करून जपून ठेवतो.

मंगळवारी संध्याकाळी रजिस्टर मिटताना दिसलं, ४१७ नंतर थेट ४१९! ओळ सुटली नव्हती, आकडाच सुटला होता. कुणीतरी मध्येच ‘साहेब, पेन आहे का?’ विचारलं होतं, तेव्हाच तो सटकला असणार. समासात शेरा लिहिला, ‘अनु. क्र. ४१८ नजरचुकीने राहिला, या क्रमांकावर दस्त नाही’, आणि खाली सही ठोकली.

रात्री झोप येईना. इटलीतल्या जिनोव्हाच्या जोव्हान्नी स्क्रिबा या नोटरीची ११५४ ते ११६४ या काळातली वही अजून शाबूत आहे. टिकून राहिलेल्यांत तीच सगळ्यांत जुनी मानतात. म्हणजे साडेआठशे वर्षांनी एखादा संशोधक भिंग घेऊन माझा ४१८ शोधत बसणार!

गुरुवारी एक गृहस्थ आले. मुखत्यारपत्र पुढे सरकवून म्हणाले, “तारीख तेवढी मंगळवारची टाका.”

“सही करणारे कुठायत?”

“भाऊ ना? तो नाही आला. पण त्याची सही मी करतो की. त्याच्यापेक्षा बरी येते.”

माणूस समोर हवा, तारीख आजचीच पडणार, हे मी दोनदा सांगितलं. पटेना. शेवटी इतरांची नावं तळहाताने झाकून रजिस्टर दाखवलं, “हे बघा, मंगळवार संपला की लगेच बुधवार. मध्ये जागा आहे का?”

“बारीक अक्षरात लिहा की.”

“नाही जमणार.”

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मान वाकडी करून उलटं रजिस्टर वाचलं आणि माझ्या तळहातातून निसटलेल्या समासावर अलगद बोट ठेवलं.

“साहेब, हा ४१८ मोकळाच आहे की!”