ते जातात नाहीत

इंग्रजीतल्या सिंपल प्रेझेंट टेन्सला मराठीत 'साधा वर्तमानकाळ' म्हणतात. आता 'साधा' हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. साधं वरण खरोखर साधं असतं. डाळ शिजवली, हळद-हिंग-मीठ घातलं, झालं. साधा डोसा मात्र नावापुरता साधा. डाळ-तांदूळ भिजवा, वाटा, रात्रभर आंबवा, तवा तापला की पाणी शिंपडा, आणि एवढं करून पहिले तीन डोसे उलथन्यानं खरवडून काढा. हा काळ डोशाच्या जातीचा आहे.

नियम बघायला गेलं तर दीड ओळीचा. क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. कर्ता ही, शी, इट किंवा एकटादुकटा राम असेल तर मागे एक एस लावायचा. आय गो, यू गो, वी गो, दे गो; पण ही गोज. वर्गात दहा मिनिटांत पाठ होतं आणि पुढं चाळीस वर्षं माणूस 'माय सन गो टू कॉलेज' म्हणत राहतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधीच्या पिढ्यांची तिच्याशी गाठ पाचवीत पडायची. एस विसरण्यात मात्र दोन्ही पिढ्या सारख्याच तयार.

आणि हे जमत नाही कुणाला? तर घरात खातो, खाते, खातोस, खातेस, खाता, खातात अशी सहा रूपं, समोरचा बाप्या की बाई, एक की अनेक, जवळचा की मानाचा हे सगळं सांभाळून, तोंडात घास असताना बिनचूक वापरणाऱ्या माणसाला. इंग्रजीत रूपं दोनच, ईट आणि ईट्स. सहा ताटं वाढणारा माणूस दोन ताटांत हडबडतो, तेव्हा दोष हाताचा नसतो. वाढण्याची रीत कुणी नीट सांगितलेली नसते.

पहिली गफलत एसच्या स्वभावाची. नामाला एस लागला की अनेक झाले, हे डोक्यात पक्कं बसलेलं. बॉय एक, बॉईज अनेक. मग क्रियापदाला एस लागल्यावर ते अनेकवचनी व्हायला नको का? होत नाही. तिथं एस म्हणजे एकवचन. 'द बॉय रन्स', पण 'द बॉईज रन'. घरात छत्री एकच आहे असं समजा. ती नामानं नेली तर क्रियापद तसंच जातं, नामानं ठेवली तर क्रियापद घेऊन निघतं. चिल्ड्रन, मेन, पीपल, पोलीस ही मंडळी अनेक असूनही छत्री नेत नाहीत आणि क्रियापदालाही नेऊ देत नाहीत. दोघं भिजत जातात. 'चिल्ड्रन प्ले', 'पीपल टॉक'. उलट 'एव्हरीवन' हा दिसायला गाव जमल्यासारखा, पण व्याकरणाच्या वहीत एकटा जीव. 'सगळे जाणतात' म्हणताना आपल्या जिभेवर 'जाणतात' असतं, म्हणून 'एव्हरीवन नो' निघून जातं. हवं 'एव्हरीवन नोज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नाशिक' यातही तेच. क्रियापदाला खेटून फ्रेंड्स उभे असले तरी कर्ता त्यांच्यातला एकच आहे.

दुसरी गफलत आपल्या संस्कारांची, आणि हिच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. मराठीत आई 'येते' आणि बाबा 'येतात'. सर येतात, साहेब येतात, जावईबापू तर येतातच. मोठ्या माणसाला एकवचन लावायला जीभ वळत नाही. मग वहीत उतरतं 'माय फादर आर अ टीचर' आणि 'सर कम ॲट टेन'. या चुकीचे मार्क कापावेत, पण अर्धा मार्क वळणाचा म्हणून परत द्यावा. इंग्रजी क्रियापदाला अहो-जाहो कळतच नाही. 'मदर कम्स', 'फादर कम्स', 'द डॉग कम्स'. आई आणि बाबांना एकाच पंगतीत बसवण्याचं काम जे कित्येक मराठी घरांत अजून झालेलं नाही, ते या एका एसनं करून टाकलंय.

इंग्रजांकडे पूर्वी 'तू' होता, दाऊ म्हणून, आणि त्याला वेगळा प्रत्ययही लागायचा, दाऊ गोएस्ट असा. तो त्यांनी मोडीत काढला आणि उरलेला 'यू' म्हणजे मुळातला 'तुम्ही'. म्हणून एका माणसाशी बोलतानाही 'यू आर' आणि 'यू गो'. ते कुत्र्यालाही 'तुम्ही'च म्हणतात. आपण अंतर्मुख व्हावं की हसावं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

एस लावायचा ठरलाच, तर लावण्याचीही रीत आहे. क्रियापद एस, एसएच, सीएच, एक्स, झेड किंवा ओ या अक्षरांवर संपत असेल तर नुसता एस चिकटत नाही, मध्ये ई घालावा लागतो. वॉशेस, वॉचेस, फिक्सेस, गोज. शेवटी वाय असेल तर त्याच्या शेजाऱ्याकडे बघा. शेजारी व्यंजन असेल तर वाय उठतो, जागेवर आय येतो आणि पुढं ईएस. स्टडीचं स्टडीज, क्रायचं क्राईज. शेजारी स्वर असेल तर वाय हलत नाही, प्लेज, बाईज. हॅवचं हॅज होतं, ते विनातक्रार पाठ करावं. उच्चारात आणखी एक गंमत. प, ट, क, फ या आवाजांनंतर तो खरा 'स'. स्टॉप्स, वर्क्स, लाफ्स. बाकी बहुतेक ठिकाणी तो 'ज' होतो. कुठला ज? 'जास्त जेवण' म्हणून बघा. 'जेवण'मधला नव्हे, 'जास्त'मधला. हा आवाज आपल्याकडे आधीपासून आहे, त्यामुळं या एका बाबतीत मराठी माणसानं कॉलर ताठ करायला हरकत नाही. वॉचेस, वॉशेसमध्ये मात्र च आणि श यांच्यावर लगेच दुसरा घासणारा आवाज येणार म्हणून मध्ये एक 'इ' टेकवावी लागते. तोंडाला श्वास घ्यायला जागा.

आता खरी गोम. 'ही गोज' बरोबर आणि 'ही डजन्ट गोज' चूक. का? 'डजन्टमध्ये एस आलेला आहे ना, मग परत कशाला?' एवढं सांगून मास्तर फळा पुसतात. पोरं मान डोलावतात आणि परीक्षेत 'ही डजन्ट गोज' लिहून येतात. माझं म्हणणं असं, की इथं इंग्रजी दोन मिनिटं बाजूला ठेवावी आणि आपण स्वतः काय बोलतो ते ऐकावं. 'तू जातोस' याचा नकार काय? 'तू जात नाहीस.' 'जातोस'च्या शेपटीचा 'स' कुठं गेला? उठून 'नाही'च्या मागे जाऊन बसला. 'ते जातात' याचा नकार 'ते जात नाहीत'. इथंही शेवटचा 'त' सरकला आणि मागे 'जात' हे क्रियापद उघडंबोडकं राहिलं. इंग्रजीत हेच होतं, अगदी याच क्रमानं. गोजचा एस उठतो, 'डू'च्या मागे बसतो, डूचं डज होतं, त्याला नॉट चिकटतं आणि गो उघडं राहतं. 'ही डजन्ट गो.' नुकतं बोलायला लागलेलं पोरही 'तू जातोस नाहीस' किंवा 'ते जातात नाहीत' म्हणत नाही. तेव्हा 'ही डजन्ट गोज' ज्याच्या कानाला खटकत नाही, त्यानं 'ते जातात नाहीत' हे वाक्य गच्चीत उभं राहून दहादा मोठ्यानं म्हणावं. शेजारच्या गच्चीतून विचारणा झाली की औषध लागू पडलं.

याच घराण्यातली सर्वांत लोकप्रिय चूक म्हणजे 'ही डजन्ट हॅज'. हॅज हे हॅव अधिक एस. एस डजनं नेल्यावर मागे हॅवच उरणार. 'ही डजन्ट हॅव टाइम.'

प्रश्नाचंही तसंच. आपला प्रश्न सोपा. वाक्य आहे तसं बोलायचं आणि शेवटी 'का' टांगायचा. 'तो रोज जातो का?' इंग्रजीतला डू म्हणजे पुढच्या बाकावर आणून बसवलेला 'का' समजा. 'डज ही गो एव्हरी डे?' फक्त कर्ता स्वतःच प्रश्नात लपला असेल तर डूला सुट्टी. 'इथं कोण राहतं?' हे 'हू लिव्ज हिअर?' आणि 'तो कुठं राहतो?' हे 'व्हेअर डज ही लिव्ह?' पहिल्यात एस जागेवर, दुसऱ्यात डजकडे. ॲम, इज, आर यांना डू लागत नाही, ते स्वतःच पुढं धावतात. कॅन, विल, शुड, मस्ट, मे ही तर जावयाच्या मानाची मंडळी. स्वतः एस उचलत नाहीत आणि शेजारच्या क्रियापदालाही उचलू देत नाहीत. 'ही कॅन स्विम', स्विम्स नाही.

या डूच्या कटकटीबद्दल एक हळहळ वाटते. चारेकशे वर्षांपूर्वी परीक्षेला बसलो असतो तर निम्मं काम वाचलं असतं. तेव्हा 'डू यू नो?'ऐवजी 'नो यू?' असा प्रश्न आणि 'आय डोन्ट नो'ऐवजी 'आय नो नॉट' असा नकार सर्रास चालायचा. अर्थात त्या काळी हीच्या मागे दुसरं झेंगट होतं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'ही गोएथ', 'ही कमेथ' आहे. गोज आणि कम्सवाला एस इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतून आला आणि हळूहळू त्यानं थला हुसकून लावलं. एस म्हणताना आपली तक्रार असते, थ म्हणताना काय झालं असतं ते बघा.

रूप जमलं तरी वापराचं दुखणं वेगळं, आणि त्याचं नाव 'इंग'. 'मी रोज फिरायला जात असतो' या आपल्या रीती वर्तमानकाळात 'जात' आणि 'असतो' असे दोन तुकडे आहेत, म्हणून इंग्रजीतही दोन तुकडे लागणार अशी समजूत होते आणि 'आय ॲम गोइंग फॉर वॉक डेली' तयार होतं. सवय असेल तर इंग नको. 'आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे'. 'मला कळतंय', 'मला आठवतंय' हे आपण सहज म्हणतो, त्यातून 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग' जन्माला येतात. कळणं, आठवणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या मनातल्या आणि कपाटातल्या गोष्टी. त्या करायला हातपाय हलत नाहीत, त्यांना इंग सहसा लागत नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथं हॅव म्हणजे जेवणं. त्याच चालीवर मुलाखतीत 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटलं, की डब्यात काय आणलंय याची कल्पना समोरच्याला येते. त्याच मुलाखतीत 'व्हॉट डू यू डू?' असं विचारलं तर 'सिटिंग' हे उत्तर नव्हे. त्यांना पोटापाण्याचं विचारायचंय.

सवयीशिवाय हा काळ त्रिकालाबाधित सत्याला लागतो. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. (महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, काळ मात्र तोच राहतो.) क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंट्रीतही तोच, कारण बॉल पडायच्या आत वाक्य संपायला हवं. आणि वेळापत्रकालाही तोच, उद्याचं असलं तरी. 'द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन.' १९३० साली सुरू झालेल्या गाडीला ही सवलत शोभते. भाचा 'मामा, उद्या नक्की येतो' म्हणतो त्याला ती नाही. तिथं 'आय विल कम टुमॉरो'च, 'आय कम टुमॉरो' नव्हे. 'पाऊस आला तर' मध्ये आपण भूतकाळ वापरतो आणि इंग्रज वर्तमान, 'इफ इट रेन्स'. दोघांनाही अजून न पडलेल्या पावसाबद्दलच बोलायचं असतं.

एक खड्डा असा आहे की त्यात पट्टीचे बोलणारेही पडतात. 'मी २०१५ पासून इथं काम करतो.' मराठीत वर्तमानकाळ, स्वच्छ आणि बरोबर. म्हणून 'आय वर्क हिअर सिन्स २०१५'. इंग्रजीला हे पटत नाही. मागं कुठंतरी सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट तिच्या हिशेबात दुसऱ्या खात्यावर पडते. 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१५'. सिन्स दिसला की साधा वर्तमानकाळ खुंटीला टांगायचा.

एवढं सगळं घोटून झालं की माणसाला जिथंतिथं निसटलेला एस दिसायला लागतो. कुणी शिंकतं, कुणी 'गॉड ब्लेस यू' म्हणतं, आणि याचा हात लाल पेनकडे जातो. गॉड एकटा, तृतीय पुरुषी, मग ब्लेसेस का नाही? पेन खाली ठेवा. 'देव तुमचं भलं करो' असं आपणही म्हणतो, 'करतो' म्हणत नाही. देवाबद्दल तेवढी खात्री दोन्ही भाषांना नाही.